वाचकांचे प्रश्न : शिफ बेस पॉलिमर तापते तेव्हा

गेल्या अंकात उष्णतारोधी पॉलिमरविषयी लिहिताना शिफ बेस पॉलिमरचा, म्हणजे अल्डिहाइड आणि अमाइन यांच्या जोडणीतून बनणाऱ्या लांब साखळ्यांचा विषय मी एका परिच्छेदात आटोपला होता. त्या परिच्छेदावर ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून पाच पत्रे आली. पहिल्या पत्राच्या उत्तराला या वेळी बरीच जागा दिली आहे, कारण त्यात विचारलेली शंका या विषयात काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला येते आणि बहुतेक वेळा ती न विचारताच प्रबंध छापला जातो.

प्रश्न : मी टेरेफ्थॅलडिहाइड आणि ४,४′-डायअमिनोडायफिनाइल ईथर समप्रमाणात घेऊन, इथेनॉलमध्ये ग्लेशियल ॲसेटिक आम्लाच्या काही थेंबांसह सहा तास रिफ्लक्स केले (वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये सोडत उकळले). पिवळा साका मिळाला. तो डीएमएफ (डायमिथिल फॉर्मामाइड) या द्रावकाने आणि नंतर इथेनॉलने धुऊन वाळवला. नायट्रोजनमध्ये घेतलेल्या टीजीए (भट्टीत तापवत नेताना नमुन्याचे वजन किती घटते ते मोजणारी चाचणी) आलेखात १६० अंशांपर्यंत ५ टक्के, २०० ते ३०० अंशांदरम्यान ३ टक्के आणि ४५० अंशांपुढे मोठी घट दिसते. पहिली घट ओलाव्याची आणि दुसरी म्हणजे विघटनाचा पहिला टप्पा, असे मला लिहायला सांगितले आहे. तसे लिहावे का? (एमएस्सीची विद्यार्थिनी, ऐरोली)

उत्तर : पहिले विधान तपासून मगच लिहा. दुसरे मात्र माझ्या मते चुकीचे असण्याचीच शक्यता जास्त आहे, आणि ते का, हे समजण्यासाठी भट्टीकडे पाहण्याआधी तुमच्या फ्लास्ककडे पाहावे लागेल.

अल्डिहाइड आणि प्राथमिक अमाइन एकत्र आले की आधी त्यांचा जोड-रेणू तयार होतो. त्यातून पाण्याचा एक रेणू निघून गेला की कार्बन आणि नायट्रोजन यांच्यात दुहेरी बंध बसतो. हाच इमिन किंवा अझोमेथीन बंध होय. ही अभिक्रिया उलट दिशेनेही चालते, म्हणून पाणी बाहेर काढले नाही तर ती अर्ध्यात थबकते. आम्लाचे थेंब पाणी निघून जाण्याची पायरी सोपी करतात, पण आम्ल जास्त झाले तर अमाइनच प्रोटॉन घेऊन बसते आणि अल्डिहाइडवर चाल करायला मोकळे राहत नाही. हे संतुलन साधारण ४ ते ५ सामूला सर्वांत चांगले साधते.

तुमच्या प्रयोगातली खरी अडचण इथेनॉलची आहे. ताठ सुगंधी साखळी चार-पाच घटकांची झाली की ती इथेनॉलमध्ये विरघळत नाही. पहिल्या काही मिनिटांतच जो पिवळा साका खाली बसलेला तुम्हाला दिसला असेल, तेथेच साखळीची वाढ जवळपास संपली. उरलेले साडेपाच तास तुम्ही घन कणांभोवती इथेनॉल उकळत होता. पदार्थ भरपूर मिळाला आणि रंगही छान आला, तरी त्यावरून साखळीची लांबी कळत नाही. अल्डिहाइड आणि अमाइनचे ९० टक्के गट जुळले तर साखळीत सरासरी ५ पुनरावर्ती घटक असतात आणि ९८ टक्के जुळले तर २५. कागदावर हा फरक आठ टक्क्यांचा दिसतो, पण साखळी पाचपट होते.

आता आलेखाकडे येऊ. तुमच्या पॉलिमरच्या पुनरावर्ती घटकाचे रेणुवस्तुमान सुमारे २९८ आहे. पाच घटकांच्या साखळीच्या एका टोकाला अल्डिहाइड आणि दुसऱ्या टोकाला अमाइन शिल्लक असते. नमुना २०० अंशांच्या वर गेला की घन अवस्थेतही या साखळ्यांना थोडी हालचाल करता येते, टोके एकमेकांना सापडतात, नवा इमिन बंध तयार होतो आणि पाणी बाहेर पडते. प्रत्येक साखळीमागे पाण्याचा एक रेणू गेला असे धरले, तर पाच घटकांच्या साखळीचे वजन १.२ टक्क्यांनी आणि दोन घटकांच्या साखळीचे सुमारे ३ टक्क्यांनी घटते. तुमची घट ३ टक्के आहे. म्हणजे ज्याला आपण विघटनाचा पहिला टप्पा म्हणत आहात, तो फ्लास्कमध्ये अपुऱ्या राहिलेल्या संश्लेषणाचा शेवटचा टप्पा असू शकतो. पॉलिमर तुटत नसून लांब होत आहे, आणि दोन्ही वेळा वजन मात्र कमीच होते.

हे ठरवायला एक दिवस पुरेल. नमुन्याचा थोडा भाग नायट्रोजनमध्ये २५० अंशांवर अर्धा तास ठेवा, थंड करा आणि आधीच्या नमुन्याशेजारी त्याचा अवरक्त वर्णपट घ्या. अल्डिहाइडचा १६९५ प्रति सेंटिमीटरजवळचा पट्टा आणि अमाइनचे ३३०० ते ३५०० मधले जोडपट्टे विरले आणि इमिनचा १६२० जवळचा पट्टा ठळक झाला, तर साखळी वाढली असे समजा. विघटन असते तर इमिनचाच पट्टा कमी झाला असता आणि २२२५ च्या आसपास नायट्राइलचा नवा पट्टा डोकावू लागला असता, कारण इमिन बंधातला नायट्रोजन आणि त्याच्या शेजारचे सुगंधी वलय यांच्यातला एकेरी बंध तुटला की कार्बन-नायट्रोजन जोडी हायड्रोजन गमावून नायट्राइलकडे वळते. एक शक्यता आणखी आहे. अगदी आखूड रेणू या तापमानाला न तुटता तसेच उडून जातात. नमुना सॉक्सलेट उपकरणात गरम इथेनॉलने दिवसभर धुऊन पुन्हा टीजीएला लावला आणि घट नाहीशी झाली, तर कारण ते होते.

पहिल्या घटीसाठी आपल्या हवेचाच उपयोग करून घेता येईल. ऐरोलीला खाडीच्या काठावर जुलैमध्ये आर्द्रतेची काही वानवा नसते. नमुना निर्वात भट्टीत ८० अंशांवर रात्रभर ठेवा, वजन करा, मग घड्याळ-काचेवर पसरून टेबलावर उघडा ठेवा आणि चार तासांनी पुन्हा वजन करा. ओलाव्याची घट असेल तर वजन परत चढेल. घट डीएमएफची असेल तर चढणार नाही, कारण खाडीवरून डीएमएफ येत नाही. डीएमएफचा उत्कलनबिंदू १५३ अंश आहे, पण पॉलिमरच्या पोटात अडकलेल्या डीएमएफचा काही भाग त्याहून बरेच वर जाईपर्यंत सुटत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका प्रयोगशाळेत मी नवा असताना अशाच एका नमुन्याचा डबा तीन आठवडे ‘ओलावा’ म्हणून वाळवत बसलो होतो. झाकण उघडले की माशासारखा मंद वास यायचा. तो विघटित डीएमएफमधून सुटलेल्या डायमिथिल अमाइनचा आहे, हे शेजारच्या टेबलावरच्या जुन्या सहायकांनी नुसत्या नाकाने ओळखले.

संश्लेषण पुन्हा करणार असाल तर द्रावक बदला. एनएमपी किंवा डायमिथिल ॲसिटामाइडमध्ये साखळी जास्त वेळ विरघळलेली राहते. त्यात थोडे टोल्युइन घालून डीन-स्टार्क सापळा लावला, तर पाणी टोल्युइनबरोबर वर येऊन सापळ्याच्या नळीत तळाशी वेगळे साचते. १३.४ ग्रॅम डायअल्डिहाइड आणि २० ग्रॅम डायअमाइन घेतले असेल, तर अभिक्रिया पूर्ण होताना ३.६ मिलिलीटर पाणी निघायला हवे. सापळ्याच्या खुणांवर ते डोळ्यांनी मोजता येते. २.९ वर पाण्याची पातळी अडकली तर फ्लास्क उतरवू नका. मोजमापातही काटेकोर राहा. एक घटक दुसऱ्यापेक्षा २ टक्के कमी पडला, तर शंभर टक्के गट जुळूनही साखळीत सरासरी पन्नासच्या वर पुनरावर्ती घटक जात नाहीत. डायअमाइन हवेत काळवंडलेले असेल तर तराजूवर दिसणारे सगळे वजन अमाइनचे नसते, म्हणून ते आधी पुनःस्फटिकीकरणाने शुद्ध करा.

उष्णतेने साखळी वाढते ही गोष्ट औद्योगिक संशोधकांनी मुद्दाम वापरलीही आहे. केव्हलारच्या शोधामुळे ज्यांचे नाव झाले त्या स्टेफनी क्वोलेक आणि त्यांचे सहकारी पॉल मॉर्गन यांनी १९८७ मध्ये सुगंधी अझोमेथीन पॉलिमरच्या धाग्यांवरचे काम प्रसिद्ध केले. त्यात वितळलेल्या द्रव-स्फटिक अवस्थेतून धागा ओढायचा आणि नंतर त्याला उष्णतेची प्रक्रिया देऊन मजबुती वाढवायची, असा मार्ग होता. तुमच्या आलेखातले ते तीन टक्के याच घटनेचे लहान रूप असू शकते.

प्रश्न : आमच्या कारखान्यात ३०० अंशांच्या वाफेच्या नळ्यांवर लेप देण्यासाठी एक पुरवठादार शिफ बेस पॉलिमर सुचवत आहे. ‘५०० अंशांपर्यंत टिकते, ८५० अंशांनाही ५५ टक्के अवशेष उरतो’ असे त्याच्या पत्रकात आहे. विश्वास ठेवावा का? (देखभाल अभियंता, महापे)

उत्तर : दोन्ही आकडे खरे असू शकतात आणि तरीही लेप तुमच्या कामाचा नसू शकतो. पुरवठादाराला आधी तीन गोष्टी विचारा. ५०० अंशांना किती टक्के वजन गेले होते, आलेख नायट्रोजनमध्ये घेतला की हवेत, आणि तापवण्याचा वेग काय होता. नेहमीच्या मिनिटाला १० अंश या वेगाने नमुना ३०० वरून ५०० अंशांपर्यंत वीस मिनिटांत पोहोचतो. तुमची नळी ३०० अंशांवर वर्षानुवर्षे राहणार आहे.

एक हिशेब करून पाहू. विघटनाची सक्रियण ऊर्जा (विघटन होण्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा) १५० किलोज्यूल प्रति मोल आहे आणि ४५० अंशांवर १० मिनिटांत ५ टक्के वजन जाते, असे केवळ उदाहरणादाखल धरा. आऱ्हेनियसच्या सूत्राने ३०० अंशांवर हाच वेग सुमारे ६९० पट मंदावतो. ऐकायला हा आकडा दिलासा देणारा आहे, पण १० मिनिटांना ६९० ने गुणले की सुमारे ११५ तास येतात. म्हणजे पाच दिवसही पूर्ण होत नाहीत. हा हिशेब नायट्रोजनमधल्या विघटनाचा आहे. हवेत ऑक्सिजन साखळीवर वेगळ्या वाटेने हल्ला करतो आणि नायट्रोजनमध्ये उरणारा तो ५५ टक्के कोळसाही पुढे जळून जातो.

अवशेषाच्या आकड्याला अर्थ जरूर आहे, पण तो आगीच्या संदर्भात. व्हॅन क्रेव्हेलन यांनी १९७५ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार, हॅलोजन नसलेल्या पॉलिमरच्या कोळशाच्या टक्केवारीला ०.४ ने गुणून त्यात १७.५ मिळवले की ज्वलन टिकवायला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या टक्केवारीचा अंदाज येतो. ५५ टक्क्यांसाठी तो ३९.५ येतो. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, म्हणजे हे पॉलिमर सहज पेट घेणार नाही. पेट न घेणे आणि वर्षभर सोलपटे न निघता नळीला चिकटून राहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वाफेची गळती होणार असेल तर चिंता आणखी वाढते. इमिन बंध पाणी गमावून बनतो आणि गरम, विशेषतः आम्लयुक्त ओलाव्यात पाणी घेऊन परत अल्डिहाइड आणि अमाइनमध्ये मोडतो. तुमच्या भागातल्या हवेत आम्लाचा अंश कधी ना कधी असतोच. म्हणून हवेत ३०० अंशांवर निदान १०० तास स्थिर ठेवलेल्या, लेप दिलेल्या पट्टीचा अहवाल मागा, आणि तशीच दुसरी पट्टी वाफेत ठेवून पाहा. हे अहवाल नसतील तर खरेदी थांबवलेली बरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मी कोट्स-रेडफर्न पद्धतीने एकाच टीजीए आलेखावरून सक्रियण ऊर्जा काढली. अभिक्रियेची कोटी (वेग उरलेल्या पदार्थावर किती अवलंबून आहे ते सांगणारा आकडा) ०, ०.५, १ आणि २ धरली, तर चारही वेळा सरळ रेषा उत्तम बसते आणि उत्तरे मात्र चार वेगवेगळी येतात. कोणते खरे? (संशोधक विद्यार्थी, ठाणे)

उत्तर : एकाच आलेखाच्या बळावर हे ठरवता येणार नाही. ही पद्धत १९६४ ची आहे आणि तेव्हाच्या साधनांच्या मानाने हुशारीची होती. परंतु एकाच वेगाने घेतलेल्या आलेखात तापमान आणि वेळ एकमेकांना बांधलेले असतात, म्हणून चुकीच्या प्रारूपातली त्रुटी सक्रियण ऊर्जा निमूटपणे पोटात घेते आणि रेषा सरळच राहते. औष्णिक विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या गतिकी समितीने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत यासाठीच तीन ते पाच वेगवेगळे वेग वापरायला सांगितले आहे. मिनिटाला ५, १०, १५ आणि २० अंश असे चार आलेख घ्या. किसिंजरची १९५७ ची पद्धत वजन सर्वांत वेगाने घटते त्या शिखराच्या तापमानावरून एकच आकडा देते. ओझावा-फ्लिन-वॉल पद्धत मात्र विघटन १० टक्के, २० टक्के असे पुढे सरकत जाताना प्रत्येक टप्प्यावरची ऊर्जा वेगळी दाखवते. ती ऊर्जा वाटेत बरीच बदलत असेल, तर एकच आकडा छापण्यात अर्थ नाही.

वर ऐरोलीच्या विद्यार्थिनीला लिहिलेले तुम्हालाही लागू आहे. विघटनाची टक्केवारी शून्य कोठे धरली, हे तपासा. ओल्या किंवा अपुऱ्या वाढलेल्या नमुन्याच्या मूळ वजनापासून मोजणी केली असेल, तर पाणी जाण्याची, साखळी वाढण्याची आणि साखळी तुटण्याची ऊर्जा एकाच आकड्यात कालवली जाते. नमुना ५ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवा आणि प्रत्येक वेळी तेवढाच घ्या. काम सुरू करण्याआधी कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट लावून पाहा. त्याने १२.३, १९.२ आणि ३०.१ टक्के अशा तीन पायऱ्या दिल्या नाहीत, तर दोष तुमच्या पॉलिमरमध्ये शोधू नका.

प्रश्न : बारावीच्या पुस्तकातला शिफ अभिकर्मक आणि हा शिफ बेस, हे शिफ एकच का? आणि ‘बेस’ म्हणजे येथे पाया समजायचा का? (शिक्षिका, कळवा)

उत्तर : होय, एकच. ह्युगो शिफ यांचा जन्म १८३४ मध्ये फ्रँकफर्टला झाला आणि त्यांची बरीच कारकीर्द इटलीत, मुख्यतः फ्लॉरेन्समध्ये गेली. अल्डिहाइड आणि अमाइन यांच्या संयोगाविषयीचे त्यांचे काम १८६४ चे आहे. ‘बेस’ म्हणजे येथे पाया नव्हे, आम्लारी. त्या नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी असते, म्हणून तो प्रोटॉनला किंवा धातूला जवळ करू शकतो. वर्गात सांगण्यासारखे उदाहरण हवे असेल तर डोळ्याचे सांगा. पडद्यावरील प्रकाशग्राही प्रथिनाला रेटिनल हे अल्डिहाइड शिफ बेस बंधानेच जोडलेले असते. या बंधाच्या लांब साखळ्या प्रथम १९२३ मध्ये रॉजर ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेरेफ्थॅलडिहाइड आणि बेंझिडीन यांपासून तयार केल्या. बेंझिडीन कर्करोगकारक आहे, म्हणून तो जुना प्रयोग कोणीही हौसेने करून पाहू नये.

प्रश्न : मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. टीजीए चालू असताना अशा नमुन्यांतून सायनाइड वायू निघतो, असे विद्यार्थी म्हणतात. घाबरण्यासारखे आहे का? (तुर्भे)

उत्तर : विद्यार्थ्यांचे म्हणणे निराधार नाही. नायट्रोजन असलेल्या कोणत्याही पॉलिमरच्या विघटनात थोडा हायड्रोजन सायनाइड निघू शकतो. मात्र प्रमाण पाहा. पहिल्या पत्रातल्या पॉलिमरचे १० मिलिग्रॅम घेतले आणि त्यातला सगळाच्या सगळा नायट्रोजन सायनाइड होऊन बाहेर पडला असे धरले, तरी १.८ मिलिग्रॅम निघेल. प्रत्यक्षात बराच नायट्रोजन कोळशात अडकतो किंवा बेंझोनायट्राइल आणि ॲनिलीन यांच्यासारख्या रेणूंत जातो. ही दोन्हीही श्वासातून घेण्याजोगी नाहीतच.

खरा धोका दुसरीकडे आहे. अवशेषाची राख काढण्यासाठी विद्यार्थी कधी कधी एक-दोन ग्रॅम पॉलिमर मुशीत घालून बर्नरवर उघडे तापवतात. ते टीजीएच्या शंभर-दोनशे पट आहे. ते काम फ्यूम हूडबाहेर होऊ देऊ नका, कोणी कितीही घाई केली तरी. टीजीएच्या निर्गम नळीचे टोक खोलीत किंवा खिडकीबाहेर न सोडता हूडच्या आत, खेचण्याच्या तोंडाशी बांधा. महिन्यातून एकदा ती नळी काढून उजेडासमोर धरा. आतून तपकिरी, डांबरासारखा थर दिसला तर हातमोजे घालून ॲसिटोनने धुवा, कारण तो साठत गेला की वायूचा प्रवाह तुंबतो, धूर भट्टीत मागे फिरतो आणि वजनाच्या रेषेवर अशा पायऱ्या उमटतात ज्या पॉलिमरच्या नसतातच.